शेवटचे ४.७ सेकंद

बाबांचा फोन आला तेव्हा नागपुरात ५ एप्रिल २०१६ची सकाळ होती, नऊ वाजून गेलेले. इकडे नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात अजून ४ तारखेचीच रात्र होती, साडेअकराचा सुमार. टेबलावर तर्री पोहे तसेच पडून होते, तर्रीचा तवंग गार झाला होता आणि कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना हरून आम्ही सहा जण टीव्हीसमोर एक अक्षर न बोलता बसलो होतो. मी फोन उचलला, पण तोंडातून शब्द फुटेना. बाबांनीच विचारलं, "अगं, आत्ता तर बरोबरी झाली होती ना? मग हरलात कसे?"

बाबा कबड्डीतले. अंगाला माती लागलेली असतानाच्या काळातले. बास्केटबॉल त्यांना माझ्यामुळे कळायला लागला. शाळेत असताना मी शिवाजीनगर जिमखान्याच्या कोर्टावर रोज संध्याकाळी खेळायचे आणि ते सायकल घेऊन न्यायला यायचे. २०११ साली मी एमएस करायला चॅपेल हिलला आले, तिथल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, आणि पहिल्या हिवाळ्यातच तिथल्या संघाच्या फिकट निळ्या रंगाची झाले. तेव्हापासून दर मार्चमध्ये बाबा फोनवर प्रश्न विचारतात आणि मी समजावून सांगते. हा लेख म्हणजे त्या फोनांचंच एकत्र केलेलं उत्तर आहे. कॉलेजातली पोरं बॉल खेळतात त्याचं इतकं काय, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो जरूर वाचावा, कारण मलाही आधी तसंच वाटायचं.

आधी एवढं ध्यानात घ्यायला हवं की अमेरिकेत कॉलेजचा बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नव्हेत. सर्वांत वरच्या गटातच साडेतीनशेहून जास्त विद्यापीठं आहेत. चॅपेल हिलच्या 'डीन डोम'मध्ये एकवीस हजारांहून जास्त माणसं बसतात. या राज्यात १९८८पर्यंत व्यावसायिक एनबीएचा संघच नव्हता, त्यामुळे लोकांनी जीव लावला तो विद्यापीठांच्या संघांना. आणि ही विद्यापीठं एकमेकांना खेटून. चॅपेल हिलमधून निघालं की पंधरा-सोळा किलोमीटरवर डरहॅममध्ये ड्यूक, रॅलीमध्ये एनसी स्टेट. एकेका घरात नवरा ड्यूकचा आणि बायको कॅरोलायनाची, असं असतं. माझ्या ऑफिसात शेजारच्या खुर्चीवरचा माणूस ड्यूकचा आहे. वर्षातले अकरा महिने आमचं उत्तम जमतं.

मोसम नोव्हेंबरात सुरू होतो. प्रत्येक संघ तीसेक सामने खेळतो. मार्चच्या मध्यावर एका रविवारी निवड समिती राष्ट्रीय स्पर्धेसाठी ६८ संघांची नावं जाहीर करते. काही संघ आपापल्या गटाची स्पर्धा जिंकून थेट आलेले असतात, बाकीच्यांना समिती वर्षभराची कामगिरी बघून घेते. संघांची चार विभागांत वाटणी होते आणि प्रत्येक विभागात १ ते १६ मानांकन मिळतं. पहिल्याची गाठ सोळाव्याशी, दुसऱ्याची पंधराव्याशी. सुरुवातीच्या चार सामन्यांत चार संघ गळतात, उरतात ६४, आणि मग तीन आठवड्यांत ३२, १६, ८, ४, २, १. ही स्पर्धा १९३९ साली ८ संघांवर सुरू झाली होती. ६४ संघ १९८५पासून आले आणि ६८ झाले २०११पासून.

सगळ्याचं मूळ एका नियमात आहे. एकदा हरलं की घरी.

बाबांचा पहिला प्रश्न हाच होता, २०१२ साली. त्या वर्षी आमचा पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा खेळ चालवणारा, केंडल मार्शल याचं मनगट दुसऱ्या फेरीत मोडलं आणि त्याच्याशिवाय खेळलेला आमचा संघ अंतिम चारच्या उंबरठ्यावर कॅन्ससकडून हरला. बाबा म्हणाले, "एनबीएत तर सातपैकी चार जिंकायचे असतात म्हणे. इथं एकाच सामन्यात निकाल कसा लावतात?" मी त्यांना कागद-पेन घ्यायला सांगितलं होतं. तुम्हीही घ्या.

समजा आपला संघ समोरच्यापेक्षा चांगला आहे, इतका की दहा वेळा खेळलो तर सात वेळा आपण जिंकू. म्हणजे एका सामन्यात जिंकण्याची शक्यता ७० टक्के. हाच संघ समोरच्याशी सातपैकी चार सामन्यांची मालिका खेळला, तर मालिका जिंकण्याची शक्यता ८७ टक्क्यांवर जाते. सामने वाढले की नशिबाचा वाटा कमी होतो आणि खरा दर्जा वर येतो. आता उलट बाजू बघा. विजेतेपदासाठी एकामागून एक सहा सामने जिंकावे लागतात आणि एकही हरून चालत नाही. प्रत्येक सामन्यात ७० टक्के शक्यता असलेला संघ सहाच्या सहा जिंकण्याची शक्यता उरते फक्त १२ टक्के. बरं, संघ अगदी अफाट आहे, प्रत्येक सामन्यात ९० टक्के, असं धरलं तरी सहा जिंकण्याची शक्यता ५३ टक्के. देशातला सर्वांत भारी संघ आणि त्याच्या हाती जवळजवळ नाणेफेक!

दरवर्षी लाखो लोक स्पर्धेआधी सगळ्या सामन्यांचे निकाल कागदावर लिहून ठेवतात. त्याला इथे ब्रॅकेट म्हणतात. ६४ संघांचे ६३ सामने, प्रत्येकात दोन शक्यता, म्हणजे ६३ वेळा दोन लिहून त्यांचा गुणाकार करायचा. उत्तर येतं ९२ हजार कोटींच्या कोटीपट. आजवर कुणाचा ब्रॅकेट शेवटपर्यंत अचूक आल्याची नोंद नाही. २०१९ साली ओहायोतल्या एकाचे पहिले ४९ निकाल ओळीने बरोबर आले, त्यापुढे पडताळलेली नोंद गेलेली नाही.

पण एका सामन्यात एवढं नशीब येतं तरी कुठून? पावसाने खेळपट्टी बदलत नाही, नाणेफेकीने काही ठरत नाही, कोर्ट बंदिस्त, रिंग दहा फुटांवरच. याचं उत्तर तीन गुणांच्या रेषेत आहे. रेषेच्या बाहेरून टाकलेला बॉल रिंगमध्ये गेला की दोनाऐवजी तीन गुण मिळतात. चांगला संघ असे शंभर बॉल मारतो तेव्हा पस्तीसेक जातात. एका सामन्यात मारतो साधारण पंचवीस. म्हणजे सरासरी पावणेनऊ जायला हवेत. पण सरासरी ही वर्षभराची गोष्ट, एका रात्रीची नव्हे. हाच संघ, हीच पोरं, हेच हात, एखाद्या रात्री अकरा घालतात आणि एखाद्या रात्री सहा. यात कुणी चांगलं किंवा वाईट खेळलेलं नसतं, नाण्याला ओळीने चारदा छापा पडावा तसलाच हा प्रकार. आणि त्या पाच बास्केटचा फरक होतो १५ गुणांचा. बहुतेक सामने त्याहून कमी फरकाने सुटतात.

१६ मार्च २०१८ची रात्र याचा सर्वांत मोठा दाखला आहे. व्हर्जिनियाचा संघ तेव्हा देशात पहिला, ३१ विजय आणि फक्त २ पराभव. समोर सोळावं मानांकन असलेलं बाल्टिमोर परगण्याचं मेरीलँड विद्यापीठ, ज्याला सगळे यूएमबीसी म्हणतात. १९८५पासून पहिल्या मानांकनाचे संघ सोळाव्याशी १३५ वेळा खेळले होते आणि १३५ वेळा जिंकले होते. सामना शार्लटमध्ये होता. मध्यंतराला २१-२१. मी तेव्हा भांडी घासता घासता एका डोळ्याने बघत होते, मध्यंतरानंतर नळ बंद करून बाहेर येऊन बसले. यूएमबीसीने तिनाचे २४ मारले, १२ आत गेले. व्हर्जिनियाने २२ मारले आणि गेले अवघे ४. आठ बास्केटचा फरक, म्हणजे २४ गुण. सामना संपला ७४-५४. फरक २० गुणांचा.

यात आणखी एक बारकावा आहे आणि तो मला फार आवडतो. व्हर्जिनियाचा खेळ मुद्दाम संथ असायचा. बचाव पोलादी, आक्रमणात घाई नाही. एरवी एका सामन्यात प्रत्येक संघाला सत्तरच्या आसपास वेळा बॉल मिळतो, त्यांच्या सामन्यांत साठच्या जवळपास. वर्षभर याचा त्यांना फायदा झाला. पण डाव कमी झाले की नशिबाला जागा वाढते, हे आपण वर मालिकेच्या हिशेबात पाहिलंच. आपल्यापेक्षा कमजोर संघाशी खेळताना सामना लांबवायचा असतो, आखडायचा नसतो. ज्या गुणाने व्हर्जिनिया मोठी झाली त्याच गुणाने त्या रात्री यूएमबीसीला दार उघडून दिलं. पुढच्या वर्षी हेच प्रशिक्षक टोनी बेनेट, यातलेच बरेचसे खेळाडू, आणि व्हर्जिनियाने विजेतेपद मिळवलं. उपांत्य सामन्यात ०.६ सेकंद उरले असताना काइल गायने तीन फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारे एकेका गुणाचे मोकळे फेके, घातले आणि ऑबर्नला ६३-६२ने हरवलं. माझा संघ नव्हता, तरी मी रडले.

आता त्या ४.७ सेकंदांकडे येते.

बाबांना कबड्डीचा शेवटचा मिनिट ठाऊक होता. आघाडीवरचा चढाईपटू रेषेजवळ पावलं टाकत वेळ काढतो आणि मागे असलेला संघ हताशपणे घड्याळाकडे बघतो. बास्केटबॉलमध्ये मागे पडलेल्या संघाकडे घड्याळ थांबवायची हत्यारं असतात. बॉल बाहेर गेला की घड्याळ थांबतं. फाउल झाला की थांबतं. टाइमआउट घेतला की थांबतं. कॉलेजच्या खेळात शेवटच्या मिनिटात तर बास्केट झाली तरी घड्याळ थांबतं. म्हणून मागे असलेला संघ मुद्दाम फाउल करतो. नव्या माणसाला हे बघून राग येतो, मलाही यायचा. पण हिशेब साधा आहे. फाउल केला की समोरच्याला फ्री थ्रो द्यावे लागतात, पण दोन-तीन सेकंदांतच बॉल आपल्याकडे परत येतो. फाउल न करता थांबलं तर तो संघ तीस सेकंद बॉल घोळवत बसेल. थोडक्यात, गुण देऊन वेळ विकत घ्यायचा. म्हणून कॉलेजच्या सामन्याचा शेवटचा एक मिनिट खऱ्या घड्याळात दहा-दहा मिनिटं चालतो आणि म्हणूनच सहा-सात गुणांची आघाडी एका मिनिटात वितळू शकते.

ह्यूस्टनच्या त्या २०१६मधल्या अंतिम सामन्याला ७४ हजारांवर माणसं होती. मायकल जॉर्डन प्रेक्षकांत होता, आमच्याच विद्यापीठाचा. याच जॉर्डनने १९८२ साली, पहिल्या वर्षात असताना, जॉर्जटाउनविरुद्ध विजयी बास्केट मारून आम्हाला ६३-६२ने विजेतेपद दिलं होतं. आता, २०१६ला, समोर होतं व्हिलानोवा विद्यापीठ. साडेपाच मिनिटं उरली असताना आम्ही १० गुणांनी मागे होतो. मग एकेक करत अंतर कमी होत गेलं. तेरा सेकंद उरले तेव्हा व्हिलानोवाच्या जॉश हार्टने दोन फ्री थ्रो घातले, ७४-७१. आम्हाला तीनच गुण हवे होते, दोनाने भागणार नव्हतं, आणि हे मैदानातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मार्कस पेजकडे बॉल आला. चौथ्या वर्षातला, विद्यापीठातला त्याचा हा शेवटचा सामना. त्याने उडी घेतली, आणि समोरून बचावपटू आडवा आलेला बघून हवेतच हात खाली घेतला. पाय एकीकडे, धड दुसरीकडे. खाली येता येता, अंगाचा तोल गेलेला असताना, त्याने तो बॉल कसाबसा ढकलला. तो गेला. ७४-७४. घड्याळात ४.७ सेकंद. आमच्या घरात कुणीतरी खुर्ची पाडली. नवऱ्याने मला उचललं. बाबांना मी नुसता 'बरोबरी!!' असा मेसेज टाकला.

व्हिलानोवाने टाइमआउट घेतला. इथे एक नियम महत्त्वाचा. एनबीएत शेवटच्या क्षणी टाइमआउट घेतला की बॉल पुढच्या अर्ध्यात नेऊन खेळ सुरू करता येतो. मुलांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये तशी सवलत नाही. अख्खं ९४ फुटांचं कोर्ट पार करावं लागतं. म्हणून मला वाटलं, आता जादा वेळ नक्की. ४.७ सेकंदांत काय होणार?

क्रिस जेन्किन्सने रेषेबाहेरून बॉल आत दिला. रायन आर्चिडियाकोनो तो घेऊन सुसाट निघाला. आमच्या सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर, मैदानातल्या आमच्या खेळाडूंच्याही. जो बॉल आत देतो तो मागून येत असतो आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, हीच त्या डावाची मेख. व्हिलानोवाने या डावाचा सराव वर्षभर केलेला होता. तीनच्या रेषेजवळ आर्चिडियाकोनोने बॉल मागे सोडला आणि मागून आलेल्या जेन्किन्सने रेषेच्या दोनेक पावलं बाहेरून मारला. आमचा एक जण हात वर करून झेपावला. बॉल हवेत असताना बोर्डाभोवतीचे लाल दिवे पेटले, म्हणजे वेळ संपली. बॉल हातातून आधी सुटला असेल तर तो ग्राह्य धरतात. तो आधीच सुटला होता. ७७-७४.

आणि हेही सांगायला हवं. या क्रिस जेन्किन्सला लहानपणी ब्रिट कुटुंबाने पालक होऊन घरात घेतलं होतं. त्या घरचा मुलगा नेट ब्रिट आमच्या संघात होता. एकाच घरात वाढलेले दोघं भाऊ, एक त्या बाजूला उड्या मारतोय आणि दुसरा या बाजूला खाली बसलाय. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं, आणि व्हिलानोवावर धरायचा राग मला धरताच आला नाही.

बाबांना मी त्या रात्री एवढंच सांगू शकले की आम्ही चुकलो नाही. ते म्हणाले, "चुकून हरणं सोपं असतं. न चुकता हरलं की झोप लागत नाही." कबड्डीच्या मैदानातली कुठली तरी संध्याकाळ त्यांना आठवली असणार. तीन दिवसांनी गुढीपाडवा होता, मी गुढी उभारली, पण श्रीखंड काही त्या वर्षी केलं नाही.

पुढचं वर्ष मी श्वास रोखून काढलं. पेज गेला होता, बाकीचे बहुतेक परत आले होते. २६ मार्च २०१७ला मेम्फिसमध्ये केंटकीशी गाठ पडली, अंतिम चारसाठी. शेवटच्या दहा सेकंदांत केंटकीच्या मलिक मंकने तीनचा मारून बरोबरी केली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. पुन्हा तेच होणार. पण या वेळी आमच्या पोरांनी टाइमआउट घेतला नाही, समोरच्याला बचाव लावायला वेळच दिला नाही. थिओ पिनसन धावत गेला, त्याने ल्यूक मेकडे बॉल दिला, आणि मेने मारलेला बॉल आत गेला तेव्हा ०.३ सेकंद उरले होते. ७५-७३. हा मुलगा संघातला राखीव खेळाडू होता. रात्री विमानाने परत येऊन सोमवारी सकाळी आठच्या तासाला तो वर्गात हजर झाला आणि सगळा वर्ग उभा राहून टाळ्या वाजवत राहिला. मला त्या बास्केटपेक्षा तो आठचा तास जास्त आठवतो. कॉलेजचा खेळ तो कॉलेजचाच असतो, तो असा.

ॲरिझोनातल्या अंतिम सामन्यात आम्ही गॉन्झागाला ७१-६५ने हरवलं. देखणा सामना म्हणायचा तर मुळीच नाही. दोन्हीकडून मिळून ४४ फाउल. आम्ही तीनचे २७ मारले आणि फक्त ४ गेले! वरच्या हिशेबाने पाहिलं तर ही हरायची रात्र. मग जिंकलो कसे? चुकलेला बॉल पुन्हा मिळवून. रिंगवरून उसळलेला बॉल पकडणं, म्हणजे रिबाउंड, हे त्या संघाचं बलस्थान होतं. नशीब साथ देत नसेल तर जास्त वेळा प्रयत्न करता आले पाहिजेत, आणि रिबाउंड म्हणजे आणखी एक प्रयत्न. जोएल बेरीचे दोन्ही घोटे दुखावलेले होते, तरी २२ गुण केले पठ्ठ्याने. त्या रात्री आम्ही गाडी काढून चॅपेल हिलला गेलो. फ्रँकलिन स्ट्रीटवर हजारो मुलं, मध्ये शेकोट्या, अंगावर निळा रंग. होळीला नुकते तीन आठवडे झाले होते आणि मला वाटलं ती राहिली होती ती हीच.

आता २०२२. हे वर्ष मी नीट सांगणार आहे, कारण यात दोन्ही आहे.

आमचे जुने प्रशिक्षक रॉय विल्यम्स निवृत्त झाले होते आणि ह्यूबर्ट डेव्हिस नवीन आले होते. इथे घराण्याची गंमत बघा. बास्केटबॉल हा खेळ १८९१ साली जेम्स नेस्मिथने शोधला. नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात शिकवायला गेला. तिथे त्याचा शिष्य फॉग ॲलन. ॲलनच्या हाताखाली कॅन्ससला खेळला डीन स्मिथ, ज्याने चॅपेल हिलला येऊन ३६ वर्षं संघ घडवला. स्मिथचा सहायक रॉय विल्यम्स, आणि स्मिथचाच खेळाडू ह्यूबर्ट डेव्हिस. गाण्यात गुरू कोण ते विचारलं की घराणं कळतं, तसं हे. म्हणजे कॅन्सस आणि आम्ही एकाच घराण्याच्या दोन शाखा.

मोसम बेताचाच गेला. आठवं मानांकन मिळालं. आठव्याने कुठवर जावं? पण गतविजेत्या बेलरला जादा वेळेत हरवलं, यूसीएलएला हरवलं, आणि अंतिम चारमध्ये समोर आली ड्यूक. दोन्ही विद्यापीठं शतकभर एकमेकांशी खेळत आली, पण या स्पर्धेत तोवर एकदाही समोरासमोर आली नव्हती. ड्यूकचे प्रशिक्षक माइक शशेव्स्की ४२ वर्षांनंतर त्याच मोसमाअखेर निवृत्त होणार होते. हरले तर तोच त्यांचा शेवटचा सामना.

तारीख २ एप्रिल २०२२. गुढीपाडवा.

सकाळी गुढी उभारली, दारात रांगोळी घातली. लेक तेव्हा चार वर्षांची, तिने गुढीच्या काठीला आपली निळी रिबीन बांधली आणि मी ती सोडली नाही. या वेळी श्रीखंड केलं होतं. ड्यूकवाला सहकारी सहकुटुंब जेवायला आला होता. सामना सुरू व्हायला रात्रीचे पावणेनऊ झाले. आघाडी इतक्या वेळा इकडून तिकडे गेली की पोरांना झोपवायचं कुणालाच सुचलं नाही. शेवटच्या मिनिटात आम्ही ७५-७४ने पुढे. ड्यूकच्या मार्क विल्यम्सला दोन फ्री थ्रो मिळाले, दोन्ही चुकले. माझा सहकारी गुडघ्यात डोकं घालून बसला होता. मग केलब लव्हने तीनचा मारला. त्याआधी त्याचे कितीतरी चुकले होते, हा गेला. पंचवीस सेकंद उरलेले, ७८-७४. सामना ८१-७७ने आमचा. मी ओरडायला तोंड उघडलं आणि शेजारी त्याच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी बघून मिटलं. तिला जवळ घेतलं. तिच्यासाठी बेचाळीस वर्षांचा एक काळ त्या क्षणी संपला होता.

दोन दिवसांनी, ४ एप्रिलला, अंतिम सामना. कॅन्ससशी. तारीख तीच, २०१६ची. मध्यंतराला आम्ही ४०-२५ने पुढे. बाबांचा मेसेज आला, 'या वेळी पक्कं.' मी उत्तर दिलं नाही. पंधरा गुण म्हणजे पाच तीनचे बास्केट, एका रात्रीच्या नशिबाचा चढउतार, हे मीच त्यांना शिकवलं होतं. दुसऱ्या अर्ध्यात कॅन्ससने ४७ गुण केले, आम्ही २९. आमच्या मोठ्या खेळाडूचा, अरमांडो बेकॉटचा, आधीच दुखावलेला पाय शेवटच्या मिनिटात पुन्हा मुरगळला आणि तो लंगडत बाहेर गेला. ७२-६९. कॅन्सस एका वेळी सोळा गुणांनी मागे होते, आणि अंतिम सामन्यात इतकी पिछाडी भरून काढून त्याआधी कुणीही जिंकलं नव्हतं.

लोक मला विचारतात, त्या वर्षीचं काय आठवतं, जिंकलेलं की हरलेलं? या स्पर्धेत एक गोष्ट अशी आहे जी सुरुवातीला कुणी सांगत नाही. ६८ संघ येतात आणि त्यातल्या ६७ संघांचा शेवटचा सामना पराभवाचा असतो. त्याला इलाज नाही, रचनाच तशी आहे. शेवटावरून वर्ष मोजायचं ठरवलं तर पंधरा वर्षांत माझ्या हाती एक वर्ष येतं, २०१७. मी तसं मोजत नाही. २०२२ हे माझ्यासाठी ड्यूकला हरवल्याचं वर्ष आहे. कॅन्ससकडून हरलो ते खरंच, पण ती दोन दिवसांनंतरची गोष्ट. आणि पेजचा तो हवेतला बॉल ४.७ सेकंदांत पुसला गेला, असं मी कुणाला म्हणू देत नाही.

पुढे बरंच बदललं. २०२१पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवता येतात, पुढे दरवर्षी विद्यापीठ बदलायची मुभाही मिळाली. केलब लव्ह २०२३ साली ॲरिझोनाला गेला. पोरांना पैसे मिळाले ते योग्यच झालं, त्यांच्या जिवावर इतकी वर्षं इतरांनी कमावलं. मला फक्त चार वर्षं एकच मुलगा डोळ्यांसमोर मोठा होताना बघायची सवय होती, ती मोडावी लागतेय.

गेल्या वर्षीचा, २०२५चा, मार्च आमच्यासाठी लवकर संपला, ओल मिसकडून, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाकडून, हरून. ५ एप्रिलच्या रात्री ड्यूक आणि ह्यूस्टनचा उपांत्य सामना होता. लेकीला मांडीवर घेऊन मी बघत होते. पस्तीस सेकंद उरले असताना ड्यूक ६७-६१ने पुढे. तिथून ह्यूस्टनने ओळीने नऊ गुण केले आणि ७०-६७ने जिंकले. ड्यूक हरली की आनंद व्हावा, पण सहकाऱ्याला काय लिहावं तेच मला सुचेना. तेवढ्यात नागपुरातून व्हिडिओ कॉल आला. तिकडे ६ एप्रिलची सकाळ, रामनवमी. आई-बाबा पोद्दारेश्वर राम मंदिराकडे निघायच्या तयारीत होते, आईच्या हातात नैवेद्याचा डबा होता. आई म्हणाली, "यांनी टीव्ही सोडला नाही म्हणून उशीर झालाय. सहाने पुढे होते ना ते? मग हरले कसे?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण बाबांनी हाताने मला थांबवलं आणि आईकडे वळले. "बघ, वीस सेकंद उरले होते आणि ड्यूक एका गुणाने पुढे. त्यांच्या पोराला फ्री थ्रो मिळाला. पण तो साधा दोनाचा नव्हता. समोरच्या संघाचे त्या अर्ध्यातले सात, आठ, नऊ फाउल झाले असतील तर पहिला गेला तरच दुसरा मिळतो. पहिला चुकला की दुसरा मिळतच नाही, बॉल चालू. त्याचा पहिला चुकला. आणि तो उसळलेला बॉल घ्यायला गेलेल्या त्यांच्याच फ्लॅग नावाच्या खेळाडूने फाउल केला. मग ह्यूस्टनला दोन मिळाले, दोन्ही घातले." आईने डबा टीपॉयवर ठेवला आणि खुर्ची ओढली. "म्हणजे चुकला तेव्हा घड्याळ चालू होतं की बंद?" तिने विचारलं.

"थांब, दाखवतो," बाबा म्हणाले, आणि रिमोट शोधायला लागले.